दुर्गाबाईनं काशीत काय सोडलं

भातकुलीच्या ऑटोस्टँडवर एक कायदा होता. कुठं लिहिलेला नव्हता, पण सगळे पाळत. धर्मेंद्रच्या ऑटोत मागच्या सीटवर दुर्गाबाई बसली की ऑटो भरला. मग पुढच्या सवारीची वाट पाहायची नाही, "अमरावती, अमरावती" म्हणून बोंबलायचं नाही. उरलेल्या कोपऱ्यात एखादी काडीसारखी बाई कोंबायची, एकाला आपल्या बाजूला टेकवायचं आणि निघायचं. ज्यांना घाई असे ते स्टँडवर उभं राहून दुर्गाबाईचीच वाट पाहत.

"आली वं माय! चला, आता निघते ऑटो."

दुर्गाबाईला याचा रागबिग नव्हता. उलट ती पदर सावरत म्हणे, "मी काय साधी सवारी हाय का? मी बसली का कलेक्टरची गाडी निघाल्यावानी निघते." लोक हसत, आणि सगळ्यात मोठ्यानं तीच हसे.

हसणं आणि हसवणं हा तिचा धंदाच होता म्हणा ना. थापा मारण्यात तिचा हात धरणारं अख्ख्या तालुक्यात कोणी नव्हतं. एकदा तिनं पुडी सोडली की तहसीलमधून मांजरं मोजायला माणूस येणार आहे, ज्याच्या घरी मांजर त्याला योजना लागू. संध्याकाळपर्यंत गावातली सगळी मांजरं सुतळीनं बांधलेली. तिची मोठी जाऊ पार्बताबाई तर शेजारच्या गल्लीतून दोन पकडून आणून, हाताला ओरखडे घेऊन, ओट्यावर माणसाची वाट पाहत बसली होती.

पण त्या वर्षी एक गोष्ट अशी झाली की तिच्यावर तिला हसू आलं नाही. एका बारशात ती खाली बसली आणि उठता येईना. चार बायांनी ओढून उभी केली. सगळ्या हसल्या, ती पण हसली. घरी आल्यावर मात्र तिनं त्यावर एकही विनोद केला नाही. साखर वाढलेली, गुडघे बोलत होते, ते सगळं ती रेटून नेत होती. पण झोपेत तिचा श्वास अडकायचा. नवरा रामराव, अंगानं तुरीची काडी, तिच्या खांद्यावर हात ठेवून झोपायचा. श्वास थांबला की हलवायचा. सकाळी वावरात जाऊन बांधावर पेंगायचा. ते तिला गड्याकडून कळलं.

"तुमी मले सांगतलं काहून नाही?" तिनं विचारलं.

"सांगून काय, तू हसण्यावारी नेलं असतं," रामराव म्हणाले.

अमरावतीच्या डॉक्टरांनी तिला अकोल्याला धाडलं. बडनेऱ्याहून गाडी धरायची, मूर्तिजापूर मागं टाकायचं की आलं अकोला. तिथं डॉक्टर रश्मी म्हणून एक बाई होती, वजनाची ऑपरेशनं करणारी. स्वतः एवढीशी, पण बोलणं ठसठशीत.

"दुर्बिणीतून करते," डॉक्टर रश्मी म्हणाली. "पोटाची जी पिशवी आहे, तिचा मोठा भाग कापून काढायचा. उरेल ते केळ्याएवढं. ऑपरेशन ही माझी जबाबदारी. पण नंतर ते पोट सांभाळायचं काम भातकुलीत व्हायचं आहे. रक्त वरचेवर तपासायचं, गोळ्या जन्मभर. ते अमरावतीच्या तुमच्या डॉक्टरांकडं होईल, मी बोलते त्यांच्याशी. पण रोजच्या ताटावर नजर कोण ठेवणार?"

"हे हायत ना," दुर्गाबाईनं रामरावांकडं बोट केलं.

डॉक्टर वळली. "काका, मावशींनी जिलबी मागितली तर तुम्ही काय कराल?"

रामरावांनी प्रामाणिकपणे विचार केला. "गरम हाय का थंडी, ते पाहीन."

डॉक्टरनं पेन खाली ठेवलं. "दुसरं माणूस द्या. हाकेच्या अंतरावर राहणारं. त्याशिवाय मी तारीख देत नाही. पहिले दोन महिने पोटाचे टाके कच्चे असतात. तेव्हा कोणी आग्रहानं खाऊ घातलं तर पुन्हा पोट उघडायची पाळी येते, आणि ते सोपं नसतं."

आता वऱ्हाडात असं माणूस कुठून आणायचं, जे दुसऱ्याला खाऊ नको म्हणेल? दुर्गाबाईनं तोंडाला आलं ते नाव दिलं, हलीमाबी. गल्लीत समोरचं घर, बांगड्यांचं दुकान. दुर्गाबाई नवी नवरी म्हणून भातकुलीत आली तेव्हा तिच्या हातात पहिला चुडा हिनंच भरला, तेव्हापासूनची मैत्रीण. फोन नंबर पाठ होता, तो सांगितला. सांगितला म्हणजे फक्त सांगितला. हलीमाबीला यातलं काही सांगायचा तिचा इरादा नव्हता. जिनं जन्मभर आपल्या आकारावर पहिला विनोद स्वतः केला, तिनं "मले हे सहन होत नाही आता" असं कोणत्या तोंडानं म्हणायचं? आणि गावात कळलं असतं तर पार्बताबाईच्या मागं अर्धी भातकुली डबे घेऊन दवाखान्यात आली असती. पोट कापलेल्या बाईला शिरा भरवायला.

म्हणून दुर्गाबाईनं थाप मारली. तिच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी.

"आमी काशीले चाललो," तिनं सांगून टाकलं. "काशी, प्रयाग, गया. तीन-एक हप्ते लागतीन."

ऑपरेशनाआधी नुसतं पातळ प्यायचं होतं, ते यात्रेच्या उपासात खपलं. गाव हेलावलं. बायांनी ओटी भरली. "माह्या नावानं एक डुबकी मार वं," असं जी भेटेल ती सांगे. निघेपर्यंत दुर्गाबाईच्या डोक्यावर इतक्या डुबक्या चढल्या की खरंच काशीला गेली असती तर वरच आली नसती. हलीमाबीनं मिठी मारली, म्हणाली, "नीट जा. पाण्यात खोल नको उतरू. तुले काढाले तिथं चार बाया कोठून आणतीन?"

धर्मेंद्रनं त्यांना बडनेरा स्टेशनावर सोडलं, पाया पडला. गाडी आली. नागपूरकडं तोंड करून काशीला जायचं सोडून दोघं नवरा-बायको उलट्या बाजूच्या गाडीत बसले आणि दोन तासांच्या आत अकोल्यात उतरले.

ऑपरेशन नीट झालं. शुद्धीवर आल्यावर दुर्गाबाईनं पहिलं काय विचारलं असेल? "काढलेलं कोठी ठेवलं? पाहू तरी द्या, एवळ्या वर्षांचा सोबती होता." नर्स हसता हसता बाहेर गेली.

पुढचे दिवस घोटघोट पाण्याचे. औषधाच्या टोपणासारख्या कपातून. एक कप संपायला एवढा वेळ लागे की रामराव तेवढ्यात पेपर वाचून छोट्या जाहिरातींवर येत. दवाखान्यातून सुटल्यावर डॉक्टरनं गावी जाऊ दिलं नाही, जवळ राहा म्हणाली. म्हणून जुन्या शहरात राजेश्वराच्या देवळाजवळ एक खोली घेतली. आणि तिथं दुर्गाबाईची तब्येत खुलली, कारण तिथून काशीचे फोन करता येत होते.

आरतीच्या वेळी ती देवळाच्या पायरीशी बसे आणि रामरावांना घंटेखाली उभं करी. फोन लावला की खूण. रामराव घंटा हाणत.

"आयकू येते का वं हलीमा? महादेवाची आरती चालू हाय!"

"येते ना, लय साफ येते," हलीमाबी पलीकडून म्हणे. "गंगेचं पाणी कसं हाय बाई? थंड?"

"अवं, बर्फ! मी तर कालच गळ्याएवळ्या पाण्यात होती."

"माशाल्ला. गळ्याले सांभाळ. अन् जेवण गिवण?"

"जेवाचं काय, सारं पातळच हाय इकडं."

"हौ, आयकलं मी. काशीत पातळच देतात," हलीमाबी म्हणे, आणि काही खोकल्यासारखं ऐकू येई.

रामरावांचा जीव मात्र गंगाजलात अडकला होता. परत गेल्यावर पूजेला काय ठेवणार? मग त्यांना कोणी सांगितलं की पोस्टात मिळतं. ते जाऊन सीलबंद बाटल्या घेऊन आले, चेहरा असा की जणू स्वतः हरिद्वारहून पायी आणलं. "पाणी तरी खरं हाय," ते म्हणाले. एवढा एक खरेपणा त्यांना धरून ठेवायचा होता.

भातकुलीत उतरल्यावर जे झालं ते मात्र दुर्गाबाईच्या हिशोबात नव्हतं.

तिला वाटलं होतं, बाया म्हणतील, बारीक झाली, छान दिसते. बायांनी तिला पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"वाळली वं माय!" पार्बताबाई रडवेली झाली. "गाल पाय कसे बसले! तिकडं काही भेटलंच नाही का खाले? काही फिकर नको करू. मावंदं जोरात करू. रोडगे करू, वांग्याची भाजी, वरण, बुंदी. महिन्यात होती तशी करून टाकतो तुले."

मावंदं! काशीहून आलेल्या माणसानं गंगेची पूजा करायची आणि गावाला जेवू घालायचं, हे दुर्गाबाई साफ विसरली होती. थाप मारताना तिनं रेल्वेचं सांगितलं, पंड्याचं नाव सांगितलं, माकडानं चप्पल नेल्याचं सांगितलं. पण काशीच्या शेवटी जेवण असतं, आणि त्या जेवणात पहिल्या पंगतीला पहिलं पान काशीहून आलेल्याचं असतं, त्याचं झाल्याशिवाय पंगत उठत नाही, हे कसं सुचलं नाही?

"सांगून टाक," रामराव म्हणाले.

"आता? पार्बताबाईनं शेणाच्या गोवऱ्या बी रचल्या रोडग्यासाठी! अन् सगळ्यांच्या डुबक्या?"

"मंग खाशीन काय?"

दुर्गाबाईनं पोटावर हात ठेवला. आत ते केळ्याएवढं, कच्च्या टाक्यांचं. ती दिवसभरात वाटीभर मऊ खिचडीचं पाणी जिरवत होती. "हात की सफाई करीन," ती म्हणाली, पण आवाजात दम नव्हता.

मावंद्याचा दिवस उजाडला. गंगाजलाची पूजा झाली, बायांनी डोळे मिटून थेंब थेंब घेतलं. गोवऱ्यांच्या राखेतून रोडगे निघाले, झटकून, फोडून, तुपाच्या धारेखाली गेले. वांग्याच्या भाजीचा तो तर्रीदार वास साऱ्या गल्लीत. मांडवात पहिल्या पंगतीत दुर्गाबाई, बाजूला रामराव. खाली मांडी घालून बसली ती, कोणाच्या मदतीशिवाय, पण त्याकडं कोणाचं लक्ष नव्हतं. सगळ्यांचं लक्ष तिच्या पत्रावळीकडं.

पार्बताबाईनं रोडगा कुस्करला, मधोमध खळगा केला, त्यात वरण, वर तूप. दुर्गाबाईनं नजर चुकवून अर्धा रामरावांच्या पानात लोटला. पार्बताबाईनं अर्धं रिकामं पान पाहिलं आणि दोन आणखी टाकले. दुर्गाबाईनं एक पदराखाली घेतला. गरम तो, मांडीला चटका बसला. रामराव बिचारे खाता खाता घामाघूम.

"लाजून राहिली काय वं दुर्गे? हे पाय, हा माह्या हातचा. हा खाल्ल्याबिगर मी हालत नाही."

आणि पार्बताबाईनं घास करून थेट तिच्या तोंडाशी नेला. साऱ्या पंगतीसमोर जावेच्या हातचा घास. नाही म्हणायची सोय नव्हती. दुर्गाबाईनं कणभर तोंडात घेतला, चावला, चावला, पाणी होईपर्यंत चावला आणि गिळला. छातीच्या मधोमध एक दगड येऊन बसला. कपाळावर घाम फुटला. डॉक्टर रश्मीचं बोलणं आठवलं, पुन्हा पोट उघडायची पाळी. ती पहिल्यांदा खरी घाबरली. दुसरा घास तोंडासमोर होता, आणि त्यामागं पार्बताबाईचा प्रेमानं ओथंबलेला चेहरा.

पुरे झालं, सांगून टाकावं, म्हणून तिनं तोंड उघडलं. पार्बताबाईला वाटलं, घासासाठी उघडलं.

"थांबा वं पार्बताबाई!"

बायांच्या घोळक्यातून हलीमाबी पुढं आली. हातात पाण्याचा जग. चेहरा एकदम साधाभोळा.

"सारं आयकलं आपण. माकडाचं आयकलं, पंड्याचं आयकलं. पण काशीत जाऊन ह्यांनी सोडलं काय, हे कोणी इचारलंच नाही. काशीत काही ना काही सोडून यावं लागते ना? तुमीच सांगतलं होतं मले."

पंगतीत हात थांबले. खरंच की. काशीला गेलेलं माणूस आवडीचं काहीतरी तिथं सोडून येतं, मग जन्मात त्याला शिवत नाही. पार्बताबाई स्वतः मागं जाऊन आली तेव्हा कारलं सोडून आली होती. कारलं तिनं लहानपणापासून कधी खाल्लं नव्हतं, ती गोष्ट वेगळी.

दुर्गाबाईनं हलीमाबीकडं पाहिलं. चेहरा भोळा, पण डोळे? डोळे हसत होते. हे डोळे दुर्गाबाईला चांगले माहीत होते. आरशात पाहिलेले होते.

"सोडलं ना," दुर्गाबाई हळू म्हणाली.

"काय सोडलं?" पार्बताबाईचा घास हवेतच.

"पोटभर जेवणं सोडलं."

मांडवात कोणीतरी "अगंगंगं" केलं.

"मुठीएवळं खाईन, मऊ. गोड नाही, तळेल नाही, कोणाच्या आग्रहाचं नाही. गंगेत उभं राहून सोडलं, बाई. गळ्याएवळ्या पाण्यात."

पार्बताबाईचा हात विंचू दिसल्यासारखा मागं गेला. "अवं भवाने! मंग आधी सांगाचं ना! काशीत सोडेलं खाऊ घातलं तर वाढणाऱ्याले पाप लागते!" तिनं पान उचललं, कपाळाला लावलं, डोळे पुसले. "लोकं कारलं सोडतात. हिनं जेवण सोडलं. केवळी पुण्याची बाई, अन् आमी हिले हसत होतो."

जेवणं आटोपल्यावर हलीमाबीनं दुर्गाबाईला बांगड्यांच्या दुकानामागं ओढलं. दगड तोवर छातीतून उतरला होता.

"तुले कसं कळलं?"

"दवाखान्यातून फोन आला मले. पिंकी म्हणे नाव, तिथली पोट्टी. 'तुमच्या पेशंटचं ऑपरेशन छान झालं, आता जेवणावर तुम्हालेच लक्ष ठेवाचं हाय.' मी म्हटलं, कोणता पेशंट? ती म्हणे दुर्गाबाई. मी म्हटलं, ती तर गंगेत हाय. ती म्हणे, नाही जी, वार्डात हाय."

"म्हंजे मी घंटा आयकवून राहिली होती तवा..."

"मी पलंगावर लोळून राहिली होती हसून हसून. 'बर्फ' म्हणे! गळ्याएवळं पाणी म्हणे!" हलीमाबी हसली. मग थांबली. "पयल्या दिवशी मात्र रडली. एवळं पोट कापून घेतलं अन् मले नाही सांगतलं. नंबर देता येते, सांगता येत नाही?"

दुर्गाबाईनं हलीमाबीचा हात धरला आणि धरूनच ठेवला.

"भीती वाटत होती वं," ती शेवटी म्हणाली. "अन् भीती वाटते हे सांगाची त्याहून जास्त."

"बरं. आता तपासणीले मी नेईन तुले. रामरावदादाच्या भरवशावर नाही. अन् दर खेपेस अकोल्यात मी कचोरी खाईन, तू समोर बसून पाहशीन. हा तुले दंड."

दंड मोठा होता. पण खरी शिक्षा गावानं दिली. काशीत सोडलेलं मोडू द्यायचं नाही, यावर भातकुली अशी कामाला लागली की विचारू नका. किराण्याच्या दुकानातल्या चंदानं तिला सोनपापडी विकायचं बंद केलं. लग्नात तिच्या पानात कोणी चमचाभर जास्त वाढलं तर चार बाया धावून येत. महिन्या-दीड महिन्यानं एकदा दुर्गाबाईनं कोणी पाहत नाही असं बघून जिलबीच्या परातीकडं हात नेला, तर मागून पार्बताबाईचा आवाज, "काशी!" हात जागच्या जागी. दुर्गाबाई चरफडली. जन्मभर गावाला थापा मारल्या, आणि एका थापेवर गावानं असा विश्वास ठेवला की तिलाच त्यात राहायला लागलं.

तपासणीला दोघी अकोल्याला गेल्या. अमरावतीत काढलेल्या रक्ताचे आकडे डॉक्टर रश्मीनं पाहिले, वजन पाहिलं, पुन्हा वजनकाट्याकडं पाहिलं.

"एवढं काटेकोर तर माझे शहरातले पेशंट पाळत नाहीत. कोण करतं हे?"

"अख्खं गाव," हलीमाबी म्हणाली आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. डॉक्टर रश्मी हसत हसत टेबलावर वाकली. चष्मा काढून डोळे पुसत म्हणाली, "मावशी, झोपेचं कसं आहे?"

"मस्त. हे घोरतात आता, अन् मी जागी राहते."

स्टेशनाबाहेर हलीमाबीनं दंड वसूल केला, कचोरीचा बारका तुकडा सुद्धा पडू न देता. दुर्गाबाई समोर बसून ताक घोटघोट पीत होती.

"मी खरंच जाणार हाय काशीले," ती म्हणाली. "डुबक्यांचा बोजा हाय डोक्यावर. तू बी चाल. पायऱ्यावर बस, मी पाण्यात जाते का नाही ते पाय."

"अन् या वेळी काय सोडशीन?"

"थापा."

"ते नको बाई," हलीमाबी बोटं चाटत म्हणाली. "मंग आमाले करमन कसं?"

परतीला बडनेऱ्याच्या स्टेशनाबाहेर धर्मेंद्रचा ऑटो उभा होता. दुर्गाबाई मागच्या सीटवर बसली, शेजारी हलीमाबी. आणि धर्मेंद्र? तो आरामात बाहेर उभा, हात कमरेवर, "भातकुली, भातकुली" म्हणून ओरडत.

ऊन चांगलंच चटकत होतं. हलीमाबी वैतागली. "निघ ना बे! दुर्गाबाई बसल्या, दिसत नाही काय तुले?"

धर्मेंद्रनं आत वाकून पाहिलं. "बसल्या ना मावशी. पण अजून एक सवारी मावते ना जी मागं."

दुर्गाबाईनं बाजूच्या रिकाम्या जागेवर हात फिरवला. बरीच होती. ती पदरानं वारा घेत मागं टेकली.

"थांबू दे त्याले," ती म्हणाली. "येऊ दे एक जण. काय घाई हाय?"